संस्थापकांची बखर : ‘फाउंडर्स ॲट वर्क’ आणि इंटरनेट-उद्योगाच्या इतिहासलेखनाचा प्रश्न

प्रास्ताविक

इंटरनेटवर उभ्या राहिलेल्या उद्योगांना आता तीन दशके उलटून गेली आहेत. या काळाचा इतिहास लिहिताना साधने कोणती वापरावीत आणि त्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न वाणिज्य, संगणकशास्त्र व इतिहास या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांचा आहे. परंतु तिघांच्याही सीमारेषेवर असल्याने तो बहुधा कोणाच्याच वाट्याला येत नाही. प्रस्तुत लेखात जेसिका लिव्हिंग्स्टन यांच्या ‘फाउंडर्स ॲट वर्क’ या मुलाखतसंग्रहाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. सदर ग्रंथ एप्रेस या प्रकाशनसंस्थेने २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ॲपल, ॲडोबी, हॉटमेल, याहू, पेपॅल, ब्लॉगर, फ्लिकर, क्रेगलिस्ट इत्यादी उद्योगांच्या संस्थापकांच्या व आरंभीच्या कर्मचाऱ्यांच्या ३२ मुलाखती आहेत.

हा ग्रंथ आजच निवडण्याचे कारण आपल्या महाविद्यालयीन वास्तवाशी निगडित आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना सुरू झाली, २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाचे स्टार्टअप धोरण आले आणि २०१९ मध्ये विद्यार्थी व अध्यापकांसाठी राष्ट्रीय पातळीवरील नवोपक्रम व स्टार्टअप धोरण जाहीर झाले. त्यानंतर इनक्युबेशन केंद्रे, नवोपक्रम परिषदा आणि उद्योजकता कार्यशाळा हा महाविद्यालयीन कामाचा नित्याचा भाग झाला. या कार्यशाळांतून सांगितल्या जाणाऱ्या कथा थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. गॅरेजमधील आरंभ, मध्येच सोडलेले शिक्षण, एकट्याची दूरदृष्टी आणि शेवटी कोट्यवधी डॉलरांची विक्री. कुटुंबातील पहिली पदवी घेणारा विद्यार्थी या कथा पूर्ण गांभीर्याने ऐकतो, हे विसरता येत नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद मराठी अभ्यासकाच्या अंगवळणी पडला आहे. बखर घटनेनंतर लिहिली जाते, अनेकदा कोणाच्या तरी आज्ञेवरून लिहिली जाते आणि तीत कर्तबगारी व्यक्तीच्या नावावर जमा होते. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. मात्र ती वाचण्याची रीत वेगळी असते. ‘फाउंडर्स ॲट वर्क’ हा ग्रंथ याच रीतीने वाचला पाहिजे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तसा वाचल्यास, ज्या दूरदर्शी संस्थापकाच्या प्रतिमेसाठी तो उद्धृत केला जातो, त्या प्रतिमेलाच त्यातील साक्षी तडे देतात.

ग्रंथाचे स्वरूप व सामर्थ्य

लिव्हिंग्स्टन यांनी प्रश्नोत्तरांची पद्धत स्वीकारली आहे. प्रश्न लहान, उत्तरे दीर्घ. कल्पना कशी सुचली, पैसा कोठून आला, सर्वांत कठीण प्रसंग कोणता, स्पर्धकांची भीती वाटली का, असे काही प्रश्न वारंवार येतात. सलग वाचताना याचा थोडा कंटाळा येतो हे खरे. परंतु एकच प्रश्न अनेकांना विचारल्यामुळे उत्तरांची तुलना करता येते, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

या तुलनेतून जे दिसते ते विलक्षण आहे. पेपॅलचे मॅक्स लेव्हचिन यांची मुलाखत या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. युक्रेनमध्ये जन्मलेल्या आणि इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या लेव्हचिन यांनी १९९८ च्या अखेरीस पीटर थिएल यांच्यासमवेत कंपनी सुरू केली, ती हातात मावणाऱ्या उपकरणांसाठी कूटलेखनाची आज्ञावली तयार करण्यासाठी. तिला ग्राहक मिळेनात, म्हणून एका पाम पायलटमधून दुसऱ्या पाम पायलटमध्ये पैसे पाठवण्याची कल्पना पुढे आली. ई-मेलद्वारे पैसे पाठवण्याची संकेतस्थळावरील सोय ही मुख्य उत्पादनाच्या प्रात्यक्षिकासारखी होती. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावरील विक्रेत्यांनी नेमकी तीच उचलली. कंपनीला आरंभी हे ग्राहक नकोसे वाटत होते! पुढे चोरीच्या क्रेडिट कार्डांमुळे होणारा तोटा इतका वाढला की फसवणूक ओळखणे हेच कंपनीचे खरे काम होऊन बसले. संशयास्पद व्यवहार माणसाच्या नजरेस आणून देणारी आज्ञावली आणि तो तपासणारी माणसे, अशी दुहेरी व्यवस्था उभारावी लागली. ईबेने २००२ मध्ये सुमारे दीड अब्ज डॉलरना ही कंपनी घेतली. ज्यांना टाळायचे होते त्या ग्राहकांनी उद्योग घडवला आणि ज्याची कल्पनाही नव्हती त्या अडचणीने त्याची विद्या घडवली, असा हा वृत्तान्त आहे.

फ्लिकरचा उगम एका ऑनलाइन खेळात आहे आणि ब्लॉगरचा उगम प्रकल्प-व्यवस्थापनाच्या आज्ञावलीत. अशी उदाहरणे ग्रंथात आणखीही सापडतात. आपण काही मोठे करीत आहोत याची या संस्थापकांना खात्री नव्हती, हे स्वतः लिव्हिंग्स्टन यांनाही आश्चर्यकारक वाटले आहे आणि प्रस्तावनेत त्यांनी ते प्रांजळपणे नोंदवले आहे. मात्र त्यावरून त्या जो अर्थ काढतात तो ‘चिकाटी’ हा आहे. येथे मतभेद संभवतो. चिकाटी धरूनही बुडालेले लोक या संग्रहात जवळजवळ नाहीत. मार्च २००० मध्ये नॅस्डॅक निर्देशांकाने पाच हजारांचा टप्पा ओलांडून उच्चांक गाठला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो त्याच्या जेमतेम पंचमांशावर आला. त्या पडझडीत नाहीसे झालेल्यांची चिकाटी कमी होती असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. केवळ तगलेल्यांना विचारून तगण्याचे कारण ठरवणे हा संशोधनपद्धतीच्या पहिल्याच पाठातील दोष होय.

या बाबतीत आर्सडिजिटाचे फिलिप ग्रीनस्पन यांची मुलाखत अपवादात्मक आहे. २००० मध्ये या कंपनीने साहस-भांडवलदारांकडून ३ कोटी ८० लाख डॉलर घेतले, त्यानंतर कंपनीची सूत्रे संस्थापकाच्या हातून गेली, वाद न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २००२ मध्ये उरलेसुरले रेड हॅटने विकत घेतले. ग्रीनस्पन यांच्या बोलण्यात कटुता आहे आणि तीही एकतर्फीच आहे. तरीही पैसा देणारा आणि पैसा घेणारा यांचे हितसंबंध वेगळे असतात, हे इतक्या स्पष्टपणे ग्रंथात क्वचितच आले आहे.

न बोललेले साक्षीदार

ब्लॉगरची मुलाखत इव्हान विल्यम्स यांची आहे. पायरा लॅब्ज ही कंपनी १९९९ मध्ये त्यांनी मेग हूरिहान यांच्याबरोबर स्थापन केली. २००१ च्या आरंभी पैसे संपले, हूरिहान यांच्यासह सहकारी बाहेर पडले आणि विल्यम्स एकटेच सेवा चालवीत राहिले. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. एकाकी झुंजीची ही कथा वाचनीय आहे यात शंका नाही. परंतु बाहेर पडलेल्यांना तो काळ कसा दिसला? हूरिहान यांची मुलाखत ग्रंथात नाही. शिवाय ‘एकाकी’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. वापरकर्त्यांनी सर्व्हरसाठी वर्गणी दिली होती आणि २००१ मध्ये ट्रेलिक्स या कंपनीबरोबर झालेल्या करारामुळे ब्लॉगर तगले. ट्रेलिक्सचे संस्थापक डॅन ब्रिकलिन म्हणजे व्हिजिकॅल्क या आद्य स्प्रेडशीटचे सहनिर्माते, आणि त्यांचीही मुलाखत याच ग्रंथात आहे. दोन मुलाखती शेजारी ठेवल्या की पहिलीतील एकटेपणा बराच विरळ होतो. हे काम संपादकाने करावयास हवे होते. ते वाचकावर सोपवले आहे.

हॉटमेलचीही तीच स्थिती. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ हे दोघे सहकारी; कार्यालयातून एकमेकांना खासगी ई-मेल पाठवण्यात येणाऱ्या अडचणीतून संकेतस्थळावरील ई-मेलची कल्पना निघाली. ४ जुलै १९९६ रोजी सेवा सुरू झाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती घेतली. भारतीय वृत्तपत्रांनी भाटियांचे नाव घरोघरी पोहोचवले; स्मिथ यांचे नाव आपल्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ग्रंथात मुलाखत भाटियांचीच आहे. (आपल्याकडील सत्कार-समारंभांप्रमाणे येथेही सत्कारमूर्ती एकच लागते.) ३२ मुलाखतींपैकी स्त्रियांच्या मुलाखती तीनच : कॅटरिना फेक, ॲन विनब्लॅड आणि मीना ट्रॉट. लिव्हिंग्स्टन यांना यासाठी सर्वस्वी दोष देता येणार नाही, कारण हा त्या उद्योगक्षेत्राचाच आरसा आहे. परंतु आरशाविषयी दोन शब्द प्रस्तावनेत अपेक्षित होते.

लेखिकेच्या स्थानाचाही उल्लेख आवश्यक आहे. नवउद्योगांना आरंभीचे भांडवल देणाऱ्या वाय काँबिनेटर या संस्थेच्या त्या २००५ पासूनच्या सहसंस्थापक. दुसरे सहसंस्थापक पॉल ग्रॅहम यांची मुलाखत ग्रंथात समाविष्ट आहे. अधिकाधिक तरुणांनी कंपन्या काढाव्यात हे ज्या संस्थेचे काम, तिच्या संस्थापिकेने हा संग्रह सिद्ध केला आहे. यात गैर काही नाही. मात्र बखर कोणाच्या दरबारात लिहिली गेली, हे वाचकास माहीत असलेले बरे.

पडद्यामागील विद्यापीठ

अध्यापक-वाचकास सर्वाधिक खटकावी अशी उणीव निराळीच आहे. याहूचा जन्म १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. जेरी यांग व डेव्हिड फायलो हे तेथे संशोधक विद्यार्थी होते आणि त्यांची सूची विद्यापीठाच्याच यंत्रांवर चालत असे. एक्साइटचे संस्थापकही स्टॅनफर्डचेच. लायकोस हा कार्नेगी मेलन विद्यापीठातील मायकेल मॉल्डिन यांचा संशोधन प्रकल्प होता. ग्रंथात मात्र मुलाखत आहे ती व्यवसाय सांभाळण्यासाठी नेमलेल्या बॉब डेव्हिस यांची. आरंभीच्या तीन प्रमुख शोधसेवांच्या मागे विद्यापीठे उभी आहेत आणि तरीही ग्रंथात विद्यापीठ येते ते बहुधा ‘सोडून जाण्याची जागा’ म्हणून.

त्याहून खोल पाया सार्वजनिक आहे. १९९३ मध्ये मोझेइक हा ब्राउझर इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात, सरकारी निधीवर तयार झाला. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचे जाळे ३० एप्रिल १९९५ रोजी निवृत्त होऊन वाहतूक खासगी जाळ्यांकडे गेली. हॉटमेल, याहू, क्रेगलिस्ट यांचे जन्म याच दोन-तीन वर्षांतील आहेत, हा योगायोग नव्हे. आपल्याकडेही १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील आयआयटी व एनसीएसटी यांचा सहभाग होता, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. नवोपक्रमातील शासनाच्या या वाट्याचे सविस्तर विवेचन पुढे मारियाना मॅझुकाटो यांनी २०१३ मधील ग्रंथात केले. मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा उल्लेख टाळून १९१० च्या किर्लोस्करवाडीची कथा कोणी सांगू लागला, तर ती आपल्याला अपुरी वाटते. मग सिलिकॉन व्हॅलीची कथा तशी का वाटू नये?

कालांतराने वाचताना

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा विक्री म्हणजे यश हे समीकरण गृहीत होते. आज त्यातील अनेक सेवांची नावेही विद्यार्थ्यांना सांगावी लागतात. याहूने २००५ मध्ये घेतलेली डेलिशस ही सेवा अनेक हात बदलून संपली. मार्क फ्लेचर यांच्या वनलिस्टपासून वाढत गेलेले याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि त्यांबरोबर सामान्य माणसांनी वर्षानुवर्षे लिहिलेला पत्रव्यवहारही लोकांच्या हातून गेला. खुद्द याहूचा मुख्य व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझनकडे गेला. सगळ्यांचे असे झाले नाही. पेपॅल, जीमेल, ट्रिपॲडव्हायझर टिकून आहेत. परंतु ट्रिपॲडव्हायझरवरील अभिप्राय असोत वा ब्लॉगरवरील नोंदी असोत, या सेवांचे मोल बिनपगारी लिहिणाऱ्या लोकांनी निर्माण केले. विक्रीच्या कागदावर त्यांची सही नव्हती. मुलाखतींत ते ‘वापरकर्ते’ या एका शब्दात उरकले जातात.

म्हणूनच ब्रूस्टर काहल यांची मुलाखत संग्रहात वेगळी उठून दिसते. त्यांनी वेस व अलेक्सा हे उद्योग उभारून विकले. १९९६ मध्ये त्यांनी स्थापन केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था मात्र ना-नफा तत्त्वावर ठेवली. तिच्या वेबॅक मशीनमध्ये १९९६ पासूनची जतन केलेली पाने २००१ पासून कोणासही विनामूल्य पाहता येतात. या ग्रंथातील अनेक उद्योगांची जुनी मुखपृष्ठे, सूचना आणि जाहिराती तेथे आहेत. म्हणजे बखर ताडून पाहण्यासाठी लागणारे अस्सल कागद उपलब्ध आहेत. मुलाखतीतील एखादे विधान घ्यावे, त्या वर्षीचे जतन झालेले पान शेजारी ठेवावे आणि दोहोंत कोठे अंतर पडते ते नोंदवावे, असा प्रकल्प पदव्युत्तर वर्गातील दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटाला एका सत्रात पूर्ण करता येण्याजोगा आहे. त्यासाठी इनक्युबेशन केंद्राची नव्हे, ग्रंथालयातील एका संगणकाची आवश्यकता आहे.