गरिबांच्या हाती प्लेटो

अर्ल शॉरिस यांनी १९९५ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्टो क्लेमेंटे केंद्रात गरिबांसाठी मानव्यविद्यांचा विनामूल्य वर्ग सुरू केला. तत्त्वज्ञान, साहित्य, कला, इतिहास, तर्कशास्त्र असे विषय. पुस्तके व प्रवासखर्चही वर्गाकडूनच. गरिबाला पोटापुरते कौशल्य शिकविले की पुरे, ही दयेच्या आडून होणारी अवहेलना त्यांनी झुगारली. हे आम्हांस फार मोलाचे वाटते. शॉरिस स्वतः सॉक्रेटिसच्या पद्धतीने, प्रश्न विचारीत नीतिशास्त्र शिकवीत. परंतु विद्यार्थी बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिनो असताना विचारांचा आरंभ ग्रीकांपासूनच का व्हावा? त्यांच्या पूर्वजांनी काहीच चिंतन केले नव्हते काय? पुढे मेक्सिकोतील युकातानमध्ये शॉरिस यांच्याच पुढाकाराने माया भाषेत, माया साहित्यावर असा वर्ग उभा राहिला. तेथे ही उणीव भरून निघाली, असे आम्ही मानतो.