ध्रुवीकरण कोणाचे, निष्ठा कोणाची?

मॅथ्यू ग्रॅहम आणि मिलन स्वोलिक यांचा अमेरिकन मतदारांवरील २०२० सालचा शोधनिबंध कार्यकर्त्यांनी वाचावा असा आहे. आपल्या पक्षाचा उमेदवार विरोधकांच्या भागातील मतदान केंद्रे कमी करू पाहत असला, तरी तेवढ्यासाठी त्याची साथ सोडणारे मतदार थोडे. आणि पक्षीय ध्रुवीकरण जितके तीव्र तितके ते आणखी कमी, हा त्यांचा निष्कर्ष. लोकशाहीचा जप करणे आणि तिच्यासाठी किंमत मोजणे यांतले अंतर त्यांनी नेमके दाखवले आहे.

मात्र 'ध्रुवीकरण' हा शब्द इकडे उसना घेताना सावध राहिले पाहिजे. पक्ष बदलता येतो. जात बदलता येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. एक बाजू सभागृहाच्या ठरावाची अंमलबजावणी मागत होती; दुसरीकडून तो आगीने रोखला जात होता. याला 'दोन टोकांचा संघर्ष' म्हणणे ही तटस्थता नव्हे, पक्षपात आहे. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी!

भारताची भूमी मुळात लोकशाहीविरोधी आहे, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावले होते. म्हणून येथील लोकशाहीनिष्ठा मतदानाच्या टक्केवारीवरून मोजता येणार नाही. सभागृहाचा निर्णय जातवर्चस्वाला धक्का देतो, त्या दिवशी गावात काय घडते, यावरूनच ती मोजावी लागेल.