मुखपट्टीची पुस्तिका : काय सांगितले, काय राहिले

२०२० च्या मार्चअखेर केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरी मुखपट्टी कशी करावी, याची एक छोटी पुस्तिका काढली. कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तरीही ही पुस्तिका शिक्षकांनी पुन्हा चाळावी अशी आहे. फ्लूची साथ आली, वर्ग झाडायचा असला की आपण आजही नाकावर पट्टी बांधतो, आणि त्यामागच्या आपल्या समजुती बऱ्याचशा त्याच काळातल्या आहेत.

प्रथम पुस्तिकेचे गुण. बाजारात मास्क मिळेनात, तेव्हा घरातल्या जुन्या सुती कापडातून दुहेरी पट्टी कशी करायची, हे तिने सांगितले. पट्टी धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नये. साबण आणि कोमट पाण्याने धुऊन कडक उन्हात पाच तास वाळवावी. ऊन नसेल तर कुकरमध्ये दहा मिनिटे उकळावी. ही साधने बहुतेक घरांत असतात. ही पट्टी आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी नाही, हेही तिने स्पष्ट केले. घाईच्या दिवसांत एवढे काम सोपे नव्हते.

पण ‘कसे’ सांगताना ‘का’ राहून गेले. पुस्तिका म्हणते, की दुहेरी सुती कापड करोना विषाणूपेक्षा पाचपट लहान कणही अडवते, आणि या कामात ते सर्जिकल मास्कच्या सुमारे ७० टक्के प्रभावी ठरते. हे वाचून काय वाटते? कापड ही चाळण आहे, आणि ज्या चाळणीत इतके बारीक कण अडकतात तिच्यातून मोठे कण सुटणार नाहीत. इथेच घोटाळा आहे. कापडातली भोके विषाणूच्या कितीतरी पट मोठी असतात. मोठे कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत, म्हणून धाग्यावर आदळतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि फिरता फिरता धाग्याला चिकटतात. या दोन्ही तावडींतून सुटतात ते मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. म्हणजे ‘पाचपट लहान’ ही काही अधिक कठीण परीक्षा नव्हे. शिवाय विषाणू सुटा उडत नाही. तो श्वासातल्या बारीक थेंबांतून येतो.

दुसरे असे, की पट्टी आणि चेहरा यांत फट नको हे पुस्तिका सांगते. पण ७० टक्क्यांचा आकडा कापडाचा आहे, चेहऱ्यावर बांधलेल्या पट्टीचा नाही, हे सांगत नाही. हवा सोपी वाट धरते. फट असेल तर कापड कितीही चांगले असो, बरीच हवा न गाळताच आत येते.

सर्वांत खटकणारे विधान वेगळेच आहे. ८० टक्के लोकांनी मास्क वापरला तर साथ ताबडतोब थांबवता येईल, असे पुस्तिका म्हणते. हे गणिती प्रतिमानाचे उत्तर आहे, आणि प्रतिमानाचे उत्तर गृहीतकांवर अवलंबून असते. गृहीतके न देता उत्तर तेवढे दिले. पुढे बांगलादेशातील ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. ज्या गावांत प्रयत्नपूर्वक प्रसार केला, तिथे नीट मास्क वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १३ वरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि लक्षणांसह झालेला, रक्ततपासणीत सिद्ध झालेला संसर्ग सुमारे ९ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्कचा उपयोग स्पष्ट दिसला, कापडी मास्कचा तितका स्पष्ट दिसला नाही. लाभ खरा, पण मर्यादित. अतिशयोक्त आश्वासन फसले की लोक म्हणतात, “मास्कने काही होत नाही.” मग खरा लाभही हातचा जातो.

निगेबाबतही कारण न सांगण्याची किंमत मोजावी लागली. साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो, म्हणून सुती पट्टी धुवायची. तोच नियम लोकांनी एन-९५ मास्कला लावला आणि तो साबणाने धुऊन दोरीवर टाकला. या मास्कच्या धाग्यांवर स्थितिक विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याने ओढले जातात. साबणाने किंवा स्पिरिटने हा भार उतरतो. मास्क दिसतो स्वच्छ, पण पकड गेलेली असते. तो कोरडा, कागदी पिशवीत ठेवावा. ओला झाला, मळला किंवा नाड्या सैल झाल्या की टाकून द्यावा.

हे सर्व आठवीच्या वर्गातही दाखवता येते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. तोच ओला करून पाहा. चष्मा लावणाऱ्या मुलाला पट्टी बांधायला सांगा. काच धुरकटली तर नाकाशी फट आहे. नियम मागे घेतले गेले की विसरले जातात. काचेवरचे धुके पाहिलेले मूल मात्र पुढच्या वेळी पट्टी नाकावर नीट दाबून बसवील.