‘ल्युसिडम’ लिहिण्याआधी

पावसाळ्यात बारामतीकडे, अगदी जळोचीच्या बांधावरसुद्धा, बाभळीच्या किंवा गुलमोहराच्या बुंध्याशी वार्निश मारल्यासारखी चकाकणारी, लालसर तपकिरी अळंबी सापडू शकते. उलटी करून बघा: गिल्स नाहीत, बारीक छिद्रं आहेत. आता एखाद्या जिल्ह्याची बुरशी-यादी उघडा. नाव ठरलेलंच, ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’. पुरावा? एक फोटो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. पहिला पेपर म्हणून तुमच्यातले बरेच जण अशीच यादी करणार आहेत, म्हणून स्पष्टच लिहितो.

ल्युसिडम हे नाव कर्टिसने १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या बुरशीला दिलं. ‘बोलेटस’ म्हणून, कारण तेव्हा खाली छिद्रं दिसली की बहुतेक सगळं त्याच पोत्यात जायचं. कार्स्टेनने गॅनोडर्मा हा जीनस केला १८८१ मध्ये. पुढे डीएनए तपासल्यावर कळलं, की चीनमध्ये ज्याची शेती होते ते लिंगझीसुद्धा ल्युसिडम नाही. २०१२ मध्ये त्याला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ नाव मिळालं आणि त्या नावावरही वाद झाला. मग आपल्या बाभळीवरची अळंबी इंग्लंडचीच, हे न तपासता कसं लिहायचं?

(मऊ, मांसल बोलीट इथे फारसे शोधू नका. त्यातल्या बहुतेकांना पाइन, ओक, साल अशा झाडांच्या मुळांची साथ लागते. बाभळीच्या माळावर ती कुठून येणार?)

डीएनए केला म्हणजे सुटलात असंही नाही. डेटाबेसमधले कितीतरी सीक्वेन्स चुकीच्या नावाने पडून आहेत. पहिलं जुळलेलं नाव उचललंत, तर दुसऱ्याची चूक तुमच्या थीसिसमध्ये येते.

नाव चुकलं तर बिघडतं काय? फणसांबा घ्या. बाजारात शब्द एकच, पण त्याखाली फेलिनसच्या एकाहून जास्त स्पीशीज विकल्या जातात. औषधाचा गुण नेमका कुणाचा मोजला, तेच मग सांगता येत नाही.

तेव्हा यजमान झाड लिहा. एका मिलिमीटरमध्ये छिद्रं किती, ते भिंगाखाली मोजा. बीजाणूची दुहेरी भिंत आणि एका टोकाला कापल्यासारखा आकार दिसला, तर गॅनोडर्मापर्यंत पोचलात. पुढचं कळत नसेल, तर ‘गॅनोडर्मा स्पी.’ लिहून थांबा. रिव्ह्यूअर त्यावरून पेपर परत पाठवत नाही. आणि नमुना वाळवून हर्बेरियममध्ये जमा करा. पुण्यात आघारकर संस्थेत अजरेकर हर्बेरियम आहे. फोटोतल्या अळंबीचे बीजाणू दहा वर्षांनी कुणालाच बघता येणार नाहीत.