संगणकाची कोडी : सराव की पाठांतर?

संगणकाला आज्ञा द्यायला शिकवणारे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडले, की सरावाच्या उदाहरणांत तीच मंडळी भेटतात. दिलेली संख्या उलटी लिहा. ती मूळ संख्या आहे का ते सांगा. ज्या संख्येच्या अंकांच्या घनांची बेरीज ती संख्याच असते, अशा १५३ सारख्या संख्या शोधा. दिलेला शब्द उलटसुलट सारखाच वाचता येतो का ते तपासा. पूर्वी ही उदाहरणे बेसिक भाषेत सोडवली जात, आता पायथनमध्ये सोडवली जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावली-लेखनाला जागा दिली आहे. त्यामुळे ही यादी आता अधिक लहान वयाच्या मुलांपर्यंत पोहोचणार, हे उघड आहे. म्हणूनच तिची पारख करणे आवश्यक वाटते.

आमचा आक्षेप कोड्यांना नाही. संख्या आणि शब्द मुलांच्या ओळखीचे असतात, साहित्य लागत नाही, उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळते. नवशिक्याला याहून चांगले मैदान मिळणे कठीण. आक्षेप आहे तो कोडे जिथे थांबवले जाते त्या जागेला.

सोलापूरजवळच्या कुंभारी येथे नववीच्या काही मुलांबरोबर आम्ही एक दुपार घालवली. विडी कामगारांच्या आणि इतर असंघटित कामगारांच्या मोठ्या वसाहतींमुळे हे गाव अनेकांच्या परिचयाचे झाले आहे. मुलांनी १५३ ची आज्ञावली फळ्यावर न अडखळता लिहिली. आम्ही विचारले, "घनाऐवजी वर्ग घेतले तर कोणत्या संख्या मिळतील?" वर्ग शांत झाला. मग एक मुलगी म्हणाली, "सर, हे परीक्षेला नाही."

आज्ञावलीत एकच अंक बदलायचा होता. बदलला, दोन अंकी आणि तीन अंकी सर्व संख्या तपासल्या, आणि पडद्यावर काहीच उमटले नाही. मुलांना वाटले, आपले चुकले. खरे तर तेच उत्तर होते! अंकांच्या वर्गांची बेरीज ती संख्याच असावी, अशी १ सोडून एकही धन संख्या नाही. पण कोरा पडदा म्हणजे चूक की उत्तर, हे कसे ठरवायचे? आधी घनासाठी १५३, ३७०, ३७१, ४०७ मिळतात ना ते पाहायचे, म्हणजे आज्ञावलीवर भरवसा बसतो. मग विचार करायचा. तीन अंकांच्या वर्गांची बेरीज जास्तीत जास्त २४३ होते, म्हणून त्यापुढच्या तीन अंकी संख्या बघायलाच नकोत. चार अंकांची बेरीज ३२४ च्या वर जात नाही, तेव्हा चार अंकी संख्यांचा प्रश्नच मिटला. पाठ केलेल्या उत्तरात यातले काहीही नव्हते.

केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमक्या या चार संख्यांचा उल्लेख करून, अशा गोष्टी कोड्यांच्या सदरापुरत्या ठीक, गणितज्ञाला त्यांत ओढ वाटावी असे काही नाही, अशा अर्थाचा निर्वाळा दिला आहे. उत्तरापुरते पाहिले तर हार्डींचे म्हणणे नाकारता येत नाही. परंतु शिकणाऱ्याला उत्तरापेक्षा वाट मोलाची असते, आणि ती वाट कशी असते हे महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी दाखवून दिले आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीला १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. संगणक तर सोडाच, पदव्युत्तर पदवीही त्यांच्यापाशी नव्हती. त्यांच्या कामाकडे पुष्कळांनी करमणूक म्हणून पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. त्यांची कृती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर क्रमाने ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ मिळतात. ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च येतात. कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत.

हे कोडे वर्गात आज्ञावलीतून सोडवायला द्यावे, आणि सुरुवातीला १००० ही संख्या द्यावी. १००० वजा १ बरोबर ९९९. बहुतेक मुलांची आज्ञावली पुढच्या पायरीला ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर बसते. चूक कुठे झाली? यंत्राने डावीकडचे शून्य टाकून दिले. संख्या म्हणून ९९९ आणि ०९९९ एकच आहेत. अंकांची ओळ म्हणून नाहीत. शून्य राखले तर ९९९०–०९९९ बरोबर ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. संख्या आणि मजकूर यांतला फरक कोणत्याही व्याख्येपेक्षा या एका अपयशातून अधिक पक्का होतो.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. ०००० ते ९९९९ पैकी चारही अंक सारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या, की ९९९० उरतात. यंत्र त्या सर्व क्षणात तपासते. पण उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी ९९९ गुणिले (अ–ड) अधिक ९० गुणिले (ब–क) एवढी येते. म्हणजे फक्त दोन फरकांना महत्त्व आहे. पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, अशा जोड्या केवळ ५४ होतात. ५४ उदाहरणे एक वर्ग आपसात वाटून तासाभरात वहीवर करू शकतो. ज्या शाळेत तीस मुलांना एक संगणक आहे, तिथे या गोष्टीचे मोल आम्ही वेगळे सांगायला नको.

शब्दांच्या कोड्यांची तऱ्हा आणखी निराळी. पुस्तकांतली उदाहरणे बहुधा रोमन लिपीतली असतात. ती ओलांडून मराठी शब्द दिला, की पाठ केलेली आज्ञावली कोसळते. 'कडक' हा शब्द उलटसुलट सारखा आहे, असे यंत्र मान्य करते. 'नवीन' मात्र नाकारते! मुलाला न-वी-न अशी तीन अक्षरे दिसतात. यंत्राजवळ न, व, दीर्घ ईची वेलांटी आणि न अशी चार चिन्हे असतात, आणि उलटताना वेलांटी 'व'च्या आधी जाऊन पडते. 'कुंभारी' या शब्दात अक्षरे तीन, पण यंत्र मोजते सात. 'रामाला भाला मारा' तपासायचे तर काना आधीच्या अक्षराला चिकटवावा लागतो, शिवाय मोकळ्या जागाही काढाव्या लागतात. आणि 'चिमा काय कामाची' या आपल्या जुन्या गमतीत पहिली 'चि' ऱ्हस्व, शेवटची 'ची' दीर्घ. हे वाक्य चालवून घ्यायचे की नाही? हा निर्णय यंत्र घेत नाही, तो आज्ञा लिहिणाऱ्यानेच घ्यायचा असतो. कुंभारीत या 'चि'वरून जो वाद झाला, त्यात १५३ च्या वेळी गप्प बसलेली मुले सर्वांत पुढे होती. व्याकरणाच्या तासाला शिकलेली मात्रा आणि जोडाक्षरे त्यांना प्रथमच कामाची वाटली असावीत.

पाठांतराचा काहीच उपयोग नाही, असे आम्ही म्हणत नाही. पाढे पाठ असावेत, तशा चार-दोन मूळ रचनाही हाताखाली असाव्यात. परंतु पाढ्यांनाच कोणी गणित समजत नाही. शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की कोडे सुटल्यावर ते पुसू नये. त्यातला एक अंक बदलावा, एक अडचणीची संख्या द्यावी, एक आपल्या बोलीतला शब्द द्यावा, आणि उत्तराआधी मुलाकडून अंदाज लिहून घ्यावा. दोन अंकी संख्यांवर कापरेकरांची कृती केली तर ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते, आणि एका संख्येवर स्थिरावण्याची वाट पाहणारी आज्ञावली कधीच थांबत नाही. ती का थांबत नाही, हे ज्या मुलीने स्वतः शोधले, तिला परीक्षेत काय येणार याची फारशी काळजी करावी लागणार नाही.