नाणे आणि प्रमाण

जुन्या नाण्यांच्या व्यापाराचा एक ठरलेला युक्तिवाद आहे, आणि वरवर तो बिनतोड वाटतो. मूर्ती एकच असते. ती चोरीला गेली की देऊळ ओस पडते. नाणी मात्र हजारोंनी पाडलेली, हातोहात फिरण्यासाठीच बनवलेली. त्यांतले एखादे संग्राहकाकडे गेले तर कुणाचे काय बिघडले?

आता १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला सापडलेला साठा पाहा. चांदीची सुमारे १३,२५० नाणी, क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सुटे एक नाणे एवढेच सांगेल, की ठसा मारला गेला. पण साठा एकत्र मोजला गेला म्हणून कळले, की जेत्याने पराभूताचे चलन केवढ्या प्रमाणावर आपलेसे केले. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर नाणी उरली असती. प्रमाण मेले असते.

आपल्या भाषेत ‘प्रमाण’ म्हणजे गुणोत्तर, आणि ‘प्रमाण’ म्हणजे ज्ञानाचे साधनही. इथे दोन्ही एकच आहेत. व्यापाऱ्याच्या युक्तिवादातली चूक हीच: जे समूहाकडे असते, ते तो सुट्या नाण्यात शोधतो आणि म्हणतो, काहीच हरवले नाही!

बरे, दुर्मीळ नाणे घ्या. सीझरच्या वधाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेले एक सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना गेले. मालकीचा इतिहास बनावट निघाला; २०२३ मध्ये अमेरिकेने ते ग्रीसला परत केले. नाणे परत आले. ज्या मातीतून ते उपसले, तिथले त्याचे शेजारी कसे परत आणणार?

संग्राहकांना मी सरसकट चोर म्हणत नाही. आपल्या नाणकशास्त्रावर त्यांचे ऋण आहे. पण ‘अस्सल आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘कुठे सापडले, कशासोबत?’ हेही विचारा ना! १८७८चा निखात निधी कायदा सांगतो, दहा रुपयांहून अधिक किमतीचे भूमिगत धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. नांगराला हंडा लागलेल्या शेतकऱ्याने ते कळवावे असे वाटत असेल, तर दाखल्याविना नाणे घेणारे गिऱ्हाईक आधी थांबले पाहिजे.