फायरवॉल : एका व्याख्येची चिकित्सा

परभणी येथे शिक्षकांच्या एका वर्गात संगणकाविषयी बोलण्याचा योग आला होता. कार्यक्रम संपल्यावर जिंतूर तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी जवळ आले आणि म्हणाले, "सर, घरी लॅपटॉप घेतला आहे. त्यात फायरवॉल मुळातच असते म्हणतात. दुकानदार म्हणतो, ती काही कामाची नाही, वर्षाचे पैसे भरून दुसरी घ्या. मुलगा म्हणतो, आहे तेवढी पुरे. खरे कोणाचे मानायचे?"

मी त्यांनाच उलट विचारले, "फायरवॉल म्हणजे काय, हे आपण वर्गात कसे सांगता?" उत्तर तयार होते : "हॅकर आणि व्हायरस यांच्यापासून संगणकाचे संरक्षण करणारी भिंत." हे उत्तर परीक्षेत लिहिले तर गुण मिळतील यात शंका नाही. पण माझ्या मते गोंधळाचे मूळ दुकानदारात नाही, मुलातही नाही. ते या व्याख्येत आहे. ती अगदीच खोटी नाही, परंतु तिने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि एक महत्त्वाची गोष्ट वगळली आहे. म्हणून आज या व्याख्येचीच चिकित्सा करू.

फायरवॉल हा शब्द बांधकामातून आला. एका घराची आग शेजारच्या घरात पसरू नये म्हणून मध्ये बांधलेली न जळणारी भिंत, असा त्याचा मूळ अर्थ. संगणकातील फायरवॉल मात्र भिंतीसारखी वागत नाही. भिंतीने सर्वच अडवले असते तर आपल्याला एकही संकेतस्थळ पाहता आले नसते. तिची तुलना जुन्या वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याशी केली तर ती अधिक जुळते.

इंटरनेटवरील माहिती लहान लहान पुडक्यांत विभागून येते. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि एक दार-क्रमांक लिहिलेला असतो. या दारांना पोर्ट म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ० ते ६५५३५ असे असतात. सुरक्षित संकेतस्थळे साधारणपणे ४४३ क्रमांकाच्या दारावर सेवा देतात. विंडोजमधील फाइलींची देवघेव ४४५ या दारातून चालते. फायरवॉल पुडक्यावरचा हा मजकूर वाचते आणि नियमांशी ताडून पुडके आत घ्यायचे की नाही ते ठरवते. शिवाय घरातून कोणती विचारणा बाहेर गेली याची ती नोंद ठेवते. आपण मागवलेल्या गोष्टीचे उत्तर आले तर आत सोडते; न मागवता कोणी दार ठोठावले तर, तशी परवानगी आधी दिलेली नसल्यास, परत पाठवते. विंडोजमधील अंगभूत फायरवॉलचा नेहमीचा नियम हाच आहे : बाहेरून आत येणाऱ्याला मज्जाव, आतून बाहेर जाणाऱ्याला मुभा.

वाचकांच्या लक्षात आले असेल की पहारेकरी पाकिटावरचा पत्ता वाचतो, पत्र वाचत नाही. आपण मागवलेली फाइल चांगली की वाईट हे तो सांगू शकत नाही. ते काम विषाणूरोधकाचे, म्हणजे अँटीव्हायरसचे. व्याख्येत एकत्र बांधल्या गेलेल्या दोन गोष्टी त्या ह्याच. १९९० च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून 'क्विक हील' हे विषाणूरोधक घडवले. तेव्हाचे विषाणू बहुतांशी फ्लॉपीवरून येत. ज्या संगणकाला जाळ्याची जोडणीच नाही, तेथे फायरवॉल असून उपयोग काय होता?

आता घडलेल्या चार घटना क्रमाने पाहू. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा : दार कोणी उघडले?

पहिली घटना २००३ ची. ११ ऑगस्ट रोजी 'ब्लास्टर' नावाचा संगणक-कृमी जगभर पसरू लागला. विंडोजमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन तो १३५ क्रमांकाच्या दारातून आपोआप आत शिरे. वापरणाऱ्याने काही उघडण्याची गरज नव्हती; संगणक जाळ्याला जोडलेला असणे पुरेसे होते. त्रुटी दूर करणारी दुरुस्ती जुलैमध्येच मिळू लागली होती, पण ती अनेकांनी घेतलेली नव्हती. विशेष म्हणजे विंडोज एक्सपीत अंगभूत फायरवॉल होती, मात्र ती मुळात बंद ठेवलेली असे. ती चालू असती तर ही घुसखोरी देवडीवरच थांबली असती. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एक्सपीच्या दुसऱ्या सुधारसंचापासून ती मुळातच चालू ठेवली जाऊ लागली. 'अंगभूत फायरवॉल कामाची नाही' म्हणणाऱ्याला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

दुसरी घटना १२ मे २०१७ ची. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांमधील फाइली कुलूपबंद केल्या. तो ४४५ क्रमांकाच्या दारातून शिरत होता. येथेही दुरुस्ती दोन महिने आधी, १४ मार्चला आली होती. कार्यालयांत फाइलींच्या देवघेवीसाठी हे दार एकमेकांना उघडे ठेवावे लागते. त्यामुळे एक संगणक बाधित झाला की शेजारचे धोक्यात येत. पहारेकरी जागा होता, पण शेजाऱ्याला आत घेण्याची आज्ञा त्याला आपणच दिलेली होती.

तिसरी घटना लगेच पुढच्या महिन्यातली, २७ जून २०१७ ची, आणि तिचा फटका महाराष्ट्राला थेट बसला. 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रोग्रॅममुळे जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. या प्रोग्रॅमचा प्रवास युक्रेनमधून सुरू झाला होता. तेथील एका लेखा-प्रणालीच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून तो संगणकांत उतरला, आणि मग मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांतून देशोदेशी पोहोचला. विश्वासाच्या पुरवठादाराकडून मागवलेले सामान घरात आले होते. पहारेकऱ्याने ते अडवावे तरी कोणत्या कारणाने?

चौथी घटना आपल्या अगदी शेजारची आहे. १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असलेल्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेच्या रूपात ती प्रत्यक्षात एपीके फाइल, म्हणजे मोबाईलवर बसवायचा प्रोग्रॅम होती. ती उघडल्यानंतर खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. असे प्रोग्रॅम साधारणतः एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात. ती मिळाली की बँकेचा एकवेळचा सांकेतिक क्रमांक चोराच्या हाती पडतो. येथे बाहेरून कोणी दार फोडत नाही. फाइल आपण घेतो, ती आपण बसवतो, परवानगीही आपणच देतो. नंतर चोरलेली माहिती आतून बाहेर जाते, आणि आतून बाहेर जाणाऱ्याला तर नियमानेच मुभा असते.

पहिल्या घटनेत दार बाहेरच्याने उघडले, चौथीत घरच्याने. घरगुती फायरवॉल सर्वत्र चालू झाल्यावर चोरांनी देवडीचा नाद बराचसा सोडला आणि ते घरच्या माणसांशी गोड बोलू लागले, असेही म्हणता येईल. फायरवॉलचे ते एका अर्थी यशच आहे. परंतु आपली व्याख्या पहिल्या घटनेपाशी थांबली आहे. तिने वगळलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतः वापरणारा माणूस.

गणिताच्या शिक्षकांना हा मुद्दा चटकन पटेल. एखादी अट आवश्यक असणे वेगळे आणि पुरेशी असणे वेगळे. संख्येला ४ ने भाग जाण्यासाठी ती सम असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. ६ सम आहे, तरी तिला ४ ने भाग जात नाही. फायरवॉल ही सुरक्षिततेची आवश्यक अट आहे, पुरेशी अट नाही. दुकानदार 'पुरेशी नाही' यावरून 'कामाची नाही' असा निष्कर्ष काढतो. मुलगा 'आवश्यक आहे' यावरून 'पुरेशी आहे' असा काढतो. दोघांची चूक तर्काची आहे.

मग विकतची फायरवॉल घेतल्याने उणीव भरून निघेल का? तिच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. काही विकतच्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमविषयी विचारणा करतात : 'अमुक प्रोग्रॅम इंटरनेटशी बोलू इच्छितो, परवानगी द्यायची का?' जाणकाराला याचा उपयोग होतो. पण घरी ही विचारणा दिवसातून अनेकदा झाली की माणूस न वाचताच 'होय' दाबू लागतो. दुसरे असे की, ज्या घातक प्रोग्रॅमला आपण संगणकाचे सर्वाधिकार देऊन बसलो, तो फायरवॉलचे नियमही बदलू शकतो. विकतच्या संचात विषाणूरोधक, मुलांसाठी नियंत्रण अशा इतर सोयी असतात. त्या हव्या असतील तर जरूर घ्याव्यात. मात्र विंडोज ८ पासून विषाणूरोधकही अंगभूत मिळतो. केवळ फायरवॉलसाठी घरगुती ग्राहकाने पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

याउलट, अंगभूत फायरवॉल कोणत्याही कारणाने बंद करू नये. एखादा खेळ किंवा छपाईयंत्र चालेना म्हणून कोणीतरी ती 'तात्पुरती' बंद करतो आणि ती तशीच राहते. 'राउटर आहे, मग काळजी कशाला' हेही अपुरे आहे. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत राउटरमागची सर्व यंत्रे एकाच सार्वजनिक पत्त्याआड दडत, त्यामुळे आयतीच एक आडभिंत मिळे. नव्या, म्हणजे आयपी आवृत्ती ६ च्या पत्त्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडताना ती आडभिंत गृहीत धरता येत नाही. तसेच उबुंटूसारख्या काही प्रणालींत फायरवॉल दिलेली असते, पण मुळात चालू नसते. म्हणून 'अंगभूत आहे' एवढे ऐकून थांबू नये, ती चालू आहे का ते पाहावे.

हा विषय शिक्षकांपुढे आग्रहाने मांडण्याचे एक कारण आहे. शिक्षकाचा घरचा लॅपटॉप केवळ घरचा नसतो. यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे बँक खाते क्रमांक अशा कितीतरी याद्या रात्री घरी बसून भरल्या जातात आणि त्याच यंत्रात राहतात. त्याच लॅपटॉपवर घरातील मूल फुकटचा खेळ उतरवून घेते. उद्या काही बरेवाईट झाले तर नुकसान एका कुटुंबापुरते राहत नाही. ज्यांनी विश्वासाने कागद दिले त्या शेतमजूर पालकांपर्यंत ते पोहोचते.

तेव्हा फायरवॉलच्या जोडीला काय हवे? पहिले, वेळच्या वेळी घेतलेल्या दुरुस्त्या. ब्लास्टर आणि वॉनाक्राय, दोन्ही वेळी दुरुस्ती आधी उपलब्ध होती. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अशा यंत्रातील फायरवॉल चालू दिसली तरी नव्या त्रुटी बुजवणार कोण, हा प्रश्न उरतो. दुसरे, रोजच्या कामासाठी सर्वाधिकार नसलेले साधे खाते. मुलांसाठी तर ते वेगळेच असावे. तिसरे, महत्त्वाच्या याद्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून सोडवून ठेवणे. चौथे, राउटरचा मूळचा पासवर्ड बदलणे. पाचवे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल ओळखीच्या क्रमांकावरून आली तरी न बसवणे. ओळखीच्या माणसाचा फोनही चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. एवढे करूनही पैसे गेले तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. शाळेच्या संगणकात फायरवॉलची परवानगी-यादी उघडा. तेथे ज्या प्रोग्रॅमना आत येऊ दिले आहे त्यांची नावे मुलांना वहीत उतरवू द्या. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा : हा प्रोग्रॅम कशासाठी आहे, परवानगी कोणी दिली, आज तिची गरज आहे का. शेवटचे दोन रकाने भरताना बरीच नावे अडतील. ज्यांच्याविषयी कोणालाच सांगता येत नाही, त्यांची चौकशी करणे हा पुढच्या तासाचा गृहपाठ. वरच्या वर्गातील मुलांनी वरील चार घटनांचा तक्ता करून 'दार कोणी उघडले' हा रकाना स्वतः भरावा.

व्याख्या सुधारायची झाली तर मी ती अशी करीन : 'फायरवॉल म्हणजे जाळ्यातून येणारी-जाणारी पुडकी पत्ता व दार-क्रमांक पाहून, ठरवून दिलेल्या नियमांनुसार सोडणारी किंवा अडवणारी व्यवस्था, आपण स्वतः आत घेतलेल्या वस्तूची पारख ती करीत नाही.' व्याख्या थोडी लांबली, पण उत्तरार्ध गाळू नये. परीक्षेत त्यालाच निम्मे गुण ठेवावेत.

जिंतूरच्या गुरुजींना मी एवढेच सांगितले की, दुकानदाराला द्यायचे पैसे वाचवा, त्यातून प्रती ठेवण्यासाठी एक बाहेरची डिस्क घ्या; आणि मुलाला म्हणावे, फायरवॉल चालू आहे ना ते दाखव, आणि शेवटची दुरुस्ती कधी घेतली तेही दाखव.